खुर्चीला विचारून

शुवायने बालवाडीची ठेंगणी खुर्ची ओढली, गुडघे पोटाशी घेऊन तिच्यावर बसली आणि आठ वर्षांची झाली. चर्चच्या सभागृहात जोड्या पाडल्या होत्या. एकाने मूल व्हायचं, दुसऱ्याने त्याला खरं सांगायचं. घरातलं माणूस गेलेल्या मुलांशी कसं बोलावं, याच्या प्रशिक्षणाचा हा शेवटचा दिवस होता, आणि चिठ्ठ्या उचलल्यावर शाळामास्तरीण शुवायच्या वाट्याला नेमकी तिची शेजारीण आली होती.

पनाशेची आई, जिला सगळी वस्ती माय पनाशे म्हणे, समोर येऊन बसली. ती आरोग्यसेविका होती. लस टोचतानाही पोराला हसवायची. एप्रिलपासून शुवाय तिच्याशी कामापुरतंच बोलत होती.

"विचार, बाळा," माय पनाशे म्हणाली.

शुवायने वर्गातल्या एका मुलाचा प्रश्न मनात ठरवून ठेवला होता. तोंडून निघालं ते वेगळंच.

"आजी जोनीहून कधी येणार?"

माय पनाशेच्या ओठांवरचं हसू मावळलं. एप्रिलात शुवायची आई वारली तेव्हा रतिजोला माय पनाशेच्याच घरी ठेवलं होतं. रतिजो म्हणजे शुवायच्या भावाची आठ वर्षांची मुलगी. तिला आजीनेच वाढवलेलं. माती देऊन झाल्यावर शुवायने तिला सांगितलं, आजी जोनीला, म्हणजे जोहान्सबर्गला गेलीय, तुझ्या बाबांकडे. त्यांच्या ग्वेरू शहरातल्या निम्म्या पोरांचे आईबाप जोनीतच असतात. गेलेली माणसं येतात, उशिरा येतात, कधी येतही नाहीत. खोटं इतकं हाताशी होतं की ते बोलायला कष्टच पडले नाहीत. रतिजोने मान हलवली आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेली. पुढे जोनीहून बापाचा फोन आला तरी ती कोंबड्यांकडेच पळू लागली. रुसलीय, असं शुवाय भावाला सांगे.

पण येत्या रविवारी आईचे कपडे वाटायचे होते. अंगणात चटई अंथरणार, नातलग भोवती बसणार, आईचा एकेक झगा कुणाच्या ना कुणाच्या खांद्यावर पडणार. त्याआधी रतिजोला सांगायला हवं होतं, आणि असली गोष्ट सांगायला आत्या नाही तर कोण.

प्रशिक्षण देणाऱ्या मात्सिका मॅडम दोघींपाशी येऊन थांबल्या. 'मेली' असंच म्हणा, त्यांनी पुन्हा बजावलं. 'गेली' नाही, 'झोपली' नाही, देवाने बोलावलं नाही. नाहीतर मूल वाट बघत बसतं.

माय पनाशेने शुवायचे हात हातात घेतले.

"तुझी आजी मेली, बाळा. तिचं शरीर थांबलं. ती जोनीत नाही. ती परत येणार नाही."

आठ वर्षांच्या मुलीने पुढे काय विचारावं, ते तिला सुचेना. मग माय पनाशे उठली, एक हात कमरेच्या मागे टेकवला, वळून आपल्या खुर्चीवर दोनदा थोपटलं आणि म्हातारीच्या बसक्या आवाजात म्हणाली, "सांभाळशील ना गं मला? कालच्यापेक्षा जड झालेय."

आई खरोखरच प्रत्येक खुर्चीला विचारून बसायची. बसमधल्या सीटला, चर्चमधल्या बाकाला, दवाखान्यातल्या स्टुलालासुद्धा. सांभाळशील ना गं मला, एवढंच. जड झाल्याची भर माय पनाशेची. नवऱ्याच्या कुळामुळे ती आईची सून लागे, म्हणून रिवाजाप्रमाणे मयताच्या दिवशी आईचा लाल रुमाल डोक्याला आणि झगा अंगावर चढवून तिने अंगणभर हेच केलं होतं. माणसं पोट धरून हसली होती. शुवाय तेवढी आत गेली आणि तिने कडी लावली.

थट्टा नको, मॅडम म्हणाल्या.

"मेलेल्याची नक्कल सुनांनी नाही करायची, तर काय पाद्र्याने करायची, मॅडम?"

आसपासच्या जोड्या हसल्या. मॅडमही इथल्याच, त्यांनी ओठ दाबले. मोठ्यांपुढे करा, म्हणाल्या, मुलाला आधी खरं कळू दे.

चहाच्या वेळी माय पनाशेने कागदात गुंडाळलेला बन शुवायच्या पिशवीत कोंबला.

"तुझ्या आईनेच सांगून ठेवलं होतं मला. म्हणाली, शुवाय रडायची नाही. तिला हसव तरी."

"नाही जमलं तुला."

"नाही जमलं," माय पनाशेने मान्य केलं.

घरी जाताना थंडी चावत होती. शुवाय ती चार वाक्यं मनात घोळवत चालली. दुसऱ्या कुणाच्या मुलाला तिने ती न अडखळता सांगितली असती.

रतिजो चुलीपाशी पालेभाजी निवडत होती. शुवायने हात धुतले, तिच्याजवळ पाट ओढला.

"रतिजो, तुला एक सांगायचंय. आजी…"

रतिजोने वर पाहिलं. तिच्या हातातला देठ तसाच राहिला.

"आजी जोनीत…" शुवाय म्हणाली, आणि पुढचा 'नाही' काही केल्या येईना. ती उठली. उद्या बोलू, दोरीवरचे कपडे दवाने भिजतील, असं काहीतरी पुटपुटली आणि चुलीवरचं भांडं उगाच सरळ करत राहिली.

मागे आईच्या कपड्यांच्या पेटीची कडी वाजली.

शुवाय वळली तर दारात रतिजो उभी होती. लाल रुमाल भुवयांपर्यंत उतरलेला, झगा जमिनीवर लोळत होता, एक हात कमरेच्या मागे. दाराजवळच्या खुर्चीवर तिने दोनदा थोपटलं.

"सांभाळशील ना गं मला?" ती बसक्या आवाजात म्हणाली. "कालच्यापेक्षा जड झालेय."

जड झाल्याचं तर आई कधी म्हणाली नव्हती.

"माय पनाशेच्या पेरूच्या झाडावरून आपलं सगळं अंगण दिसतं," रतिजो आपल्या आवाजात म्हणाली.

दोघींच्या मध्ये भाजीचे देठ पसरले होते.

"आजी मेली, रतिजो."

"हो, आत्या."

तरी ती दारातून हलली नाही. मयताच्या दिवशी सुना वाट अडवतात तशी तिने दोन्ही पाय फाकवून वाट अडवली आणि तळहात पुढे केला. सुनांच्या हातावर काही ठेवल्याशिवाय मयतसुद्धा घराबाहेर काढता येत नाही.

शुवायने पिशवी चाचपली. हाताला तो बनच लागला. तिने तो कागदासकट त्या इवल्या तळहातावर ठेवला.

रतिजोने कागद उघडला, बन उलटसुलट करून पाहिला, नाक मुरडलं.

"एवढंच?"

शुवायच्या तोंडून जो आवाज निघाला तो हसण्याचा होता. पुढे तो कसला झाला ते तिचं तिलाही कळलं नाही. भिंतीपलीकडे वाहणारा माय पनाशेचा नळ बंद झाला, आणि बराच वेळ पुन्हा सुरू झाला नाही.