गेळाचा डबा

भिकामामानं डब्यावरची पळसाची पानं बाजूला केली आणि आत तांब्या बुडवला.

"बघा साहेब. गेळाची फळं कुटून केलेला लगदा. डोहात टाकला की माशांना भोवळ येते, ते वर येतात. पायजे तेवढे धरायचे, बाकीचे घटकाभरानं पोहत जातात. आज्यापासून हीच रीत हाय. मेलेल्या माशाला आमच्यात कोण हात लावत नाय."

तहसीलातून आलेले साहेब नाकाला रुमाल लावून उभे होते. चार दिवसांपूर्वी पाड्याच्या मासे धरायच्या शिकारीच्या दिवशी डोहातले सगळे मासे पोटं वर करून तरंगले, त्याचा वास अजून गेला नव्हता. साहेबांच्या शेजारी निकिता होती, नाशिकच्या नदी वाचवणाऱ्या संस्थेतली. तिच्या संस्थेनंच त्या दिवशीचा व्हिडिओ टाकला होता: पाड्यावरची माणसं जाळी घेऊन पाण्यात आणि भोवती मेलेले मासे. त्याखाली लोकांनी काय काय लिहिलं! जंगली काय, राक्षस काय. ज्यांनी जन्मात नदीत पाय बुडवला नाही, त्यांनीही तोंडसुख घेतलं.

पाड्याचं म्हणणं एकच होतं. वरच्या अंगाला फळांच्या रसाची कंपनी आहे, तिचा काळा नाला नदीला मिळतो, त्यानंच मासे मेले. दोन वर्षं अर्ज करकरून माणसांच्या चपला झिजल्या होत्या. आज कुठे साहेबांचे पाय इकडं वळले. गेळ निर्दोष ठरलं, तर ते इथूनच नाल्याचं पाणी तपासायला जाणार होते.

मामाचा भाचा लहानू सगळ्यांच्या मागं मान खाली घालून उभा होता.

यंदा गेळ कुटायची पाळी त्याची होती. पण तो दिंडोरीला द्राक्षाच्या बागेत मजुरीला गेलेला, परतला तो शिकारीच्या अगदी आदल्या दिवशी. फळं जमली जेमतेम टोपलीभर. एवढ्यानं डोहाला काय होणार? सगळा पाडा नावं ठेवील, म्हणून त्यानं बागेतून आणलेली फवारणीच्या औषधाची अर्धी बाटली लगद्यात ओतली. कुणी पाहिलं नाही. मासे मेले तेव्हा मामानंच ते कुणाला खाऊ दिले नाहीत आणि कंपनीला शिव्या घातल्या. लहानूनंही घातल्या. जरा जास्तच मोठ्यानं घातल्या.

सकाळपासून तो त्या दिवशी उरलेल्या लगद्याचा हा डबा लवंडायला टपला होता. पण पुरावा म्हणून मामा डब्याला खेटून ठाण मांडून बसलेला.

"पण हे विषारी नाही कशावरून, काका?" निकितानं शांतपणे विचारलं.

"विषारी? अगं पोरी, कुणाच्या पोटात वाईट गेलं तर आम्ही त्याला हेच पाजतो. एक ओकारी झाली की माणूस मोकळा." मामा हसला. "थांब, पिऊनच दाखवतो."

त्यानं तांब्या तोंडाशी नेला. आपण पुढं कधी आलो ते लहानूला कळलंच नाही. त्याचा हात मामाच्या मनगटावर बसला आणि तांब्या घरंगळत दगडांत गेला.

"आरं, धडपडला काय?" मामा म्हणाला. "राहू दे, डब्यात लय हाय."

त्यानं तांब्या उचलला आणि पुन्हा बुडवला. आता नुसता धक्का देऊन भागणार नव्हतं.

"मामा, पिऊ नको. त्यात बागेचं औषध हाय. मी घातलं."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लहानूला झालं. मामानं तांब्या डब्यातच हळूहळू रिकामा केला, थेंबही बाहेर सांडू दिला नाही. मग ओले हात पुसायला तो धोतराकडं वळला आणि थांबला. हात तसेच अंगापासून लांब धरून उभा राहिला.

साहेबांनी हातातला पाड्याचा नाल्याबद्दलचा अर्ज मिटून खिशात घातला. ते सगळ्या पाड्यानं पाहिलं. मग त्यांनी वही उघडली.

"याचं नाव काय?"

"याचं कशाला?" मामा म्हणाला. "नदीत आमच्यात कोण एकटा उतरत नाय. पाड्याचं नाव लिवा."

"नाय साहेब," लहानू म्हणाला, "माझं—"

"गप," मामा त्याच्याकडं न बघता म्हणाला. "चार दिवस होतास तसा."

आणि तो साहेबांना पाड्याचं नाव सांगू लागला.