खंडेरावांची रुसणारी गाडी

दिल्लीतल्या मयूर विहारच्या त्या सोसायटीत खंडेरावांच्या गाडीची ख्याती अशी, की ती रुसली म्हणजे यमुनासुद्धा घटकाभर थांबून बघायची. गाडी पेट्रोलची, वयाने चौदा वर्षांची. दसऱ्यापासून तिला खोड लागली होती. भाजीला न्या, देवळात न्या, सशासारखी पळायची. लांबच्या रस्त्याला लागली, की मध्येच एक उचकी, मग दुसरी, मग ठप्प.

खंडेराव उतरायचे. पंपवाल्यांवर त्यांचा जन्माचा अविश्वास, म्हणून आधी टाकीचं झाकण उघडून पेट्रोल आहे ना, ते डोकावून बघायचे. झाकण लावून मग गाडीला चार कोल्हापुरी शिव्या हासडायचे. गाडी लगेच सुरू!

"जिभेत दम लागतो," असं ते महाराष्ट्र मंडळात छाती काढून सांगायचे.

मिस्त्रीपुढे मात्र ती पाहुण्यांसमोरच्या पोरासारखी शहाणी. त्याने प्लग बदलले, कॉइल बदलली, पेट्रोलचा पंपही बदलला. शेवटी हात जोडून म्हणाला, "अंकल, अब बस इसकी आत्मा बदलनी बाकी है."

मुलगा सुजय गुडगावच्याही पुढे, मानेसरला गाड्यांच्याच कारखान्यात इंजिनिअर. त्याने निकाल दिला. "बाबा, बस झालं यार. शनिवारी मी चालवतो. मानेसरपर्यंत न थांबता गेली तर ठेवा. थांबली तर तिथूनच भंगारात. आणि तुम्ही मध्ये हात लावायचा नाही, बिल्कुल नाही."

खंडेरावांनी बायकोकडे, प्रभाताईंकडे पाहिलं. प्रभाताईंचे गुडघे रिक्षात चढू देत नव्हते, टॅक्सीच्या खोल सीटवरून उठू देत नव्हते. जगात एकच सीट त्या गुडघ्यांना मानवली होती, ती या गाडीची. गाडी गेली, की प्रभाचं मंडळ गेलं, गाणं गेलं. उरणार ती बाल्कनी.

शनिवारी गुडगाव मागे पडलं, आणि उचकी आलीच. मग दुसरी. सुजयने गाडी कशीबशी कडेला घेतली.

त्याने बॉनेट उघडलं, फोनला जोडलेलं यंत्र लावलं. "सगळं ओके दाखवतंय!" चावी फिरवून फिरवून हात दुखला. "आता भंगारवाल्याला इथेच बोलावतो."

"अहो, घाला ना शिव्या," प्रभाताई खिडकीतून म्हणाल्या.

खंडेरावांनी मुलाकडे चोरून पाहिलं आणि सुरुवात केली. अशा काही जळजळीत शिव्या, की शेजारून जाणाऱ्या ट्रकचं चाक बसलं. गाडी ढिम्म.

"कशी होईल?" प्रभाताई म्हणाल्या. "तुम्ही झाकण कुठे उघडलंत? आधी झाकण, मग शिव्या. चुकलात."

खंडेराव शिव्या अर्ध्यावर सोडून वळले. मागे गेले आणि झाकणाला हळूच पीळ दिला.

सूऽऽऽऽ!

गाडीने श्वास घेतला. कसा म्हणाल, तर समाधीतून उठलेल्या योग्याने घ्यावा तसा. रस्त्यावरची धूळ ओढली गेली, सुजयच्या खिशातला रुमाल उडून टाकीच्या तोंडाशी चिकटला, अर्ध्या हरियाणाचं धुकं म्हणे तेवढ्यात विरलं. आतून टाकीचा पत्रा 'ढब्ब' करून पूर्ववत झाला.

"सुजय, चावी फिरव," खंडेराव कुजबुजले. देवळाच्या गाभाऱ्यात बोलतात तसे.

पहिल्या फिरकीला इंजिन सुरू झालं.

बापलेक एकमेकांकडे बघतच राहिले. पेट्रोल बाहेर जातं, तेवढी हवा झाकणातून आत यायला हवी. नाही आली, तर टाकी आतून पेट्रोल धरून ठेवते. जवळच्या फेरीत तेवढं पेट्रोल जळतच नाही, म्हणून कळत नाही. आणि खंडेराव इतके दिवस स्वतःच झाकण उघडून तिला श्वास देत होते, श्रेय मात्र शिव्यांना!

तरी सुजय इंजिनिअरच, खात्री करणारच. त्याने झाकण घट्ट लावून गाडी पुढे काढली. बऱ्याच वेळाने उचकी. झाकण सैल केलं, पुन्हा सूऽऽऽ. मग झाकण उलटं करून पाहिलं. हवेच्या बारीक छिद्रात पिवळं, दगडासारखं काहीतरी बसलेलं. त्याने हुंगलं. "वेलची?"

दोघांनी प्रभाताईंकडे पाहिलं.

"बघता काय? दसऱ्याला तुम्ही हारफुलं वाहिलीत. नैवेद्य कोणी दाखवला? जिथून ती खाते, तिथे लावलं बोटभर श्रीखंड."

प्रभाताईंच्याच केसातल्या आकड्याने खंडेरावांनी छिद्र मोकळं केलं. 

"पण बाबा, थांबली हे खरं ना?" सुजय म्हणाला.

"थांबली कुठे रे? श्वास घ्यायला टेकली."

सुजय हसला, फोन खिशात टाकला आणि झाकण घट्ट आवळलं. मग गाडी जी सुटली, ती मानेसरच्या त्याच्या दारातच उभी राहिली. खंडेरावांनी उतरून झाकण उघडलं, कान लावला. आत नुसती शांतता. त्यांनी नकळत हात जोडले.

"पुढच्या दसऱ्याला नैवेद्याची वाटी बॉनेटवर ठेव हं," ते म्हणाले.

"मग ती खाणार कशी?" प्रभाताई आपल्या सीटवरून आरामात उतरत म्हणाल्या.