आभाराची चौकट

लिओना कुचेराच्या हातचे कोलाचे गावानं तीस वर्षं फुकट खाल्ले. चर्चच्या निधीसाठी होणाऱ्या विक्रीला, बाप्तिस्म्याला, मयताच्या जेवणाला. मऊ पावाच्या मधल्या खळगीत कधी खसखस, कधी जर्दाळू, आणि गाव ज्यावर जीव टाकायचं ते ताजं चीज. तुझं स्वयंपाकघर कुणी तपासलंय का, असं तिला तीस वर्षांत एकानंही विचारलं नाही. फुकट ते पौष्टिक.

मग नवरा गेला, आणि ती जिथं स्वयंपाक करायची ती गावची शाळाही बंद पडली. मुलगा डॅरल मिनिआपोलिसहून आला. म्हणाला, "आई, थँक्सगिव्हिंगपर्यंत, नोव्हेंबर संपेपर्यंत बघ. तुझ्या कमाईवर हे घर चाललं, तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाहीतर घर विकायचं आणि आमच्या तळघरातल्या खोलीत यायचं." पोरगा वाईट नव्हता. तळघराला खिडकी आहे, हे त्यानं दोनदा सांगितलं.

लिओनानं सगळं कायद्यानं केलं. घरून खाद्यपदार्थ विकण्याचं प्रशिक्षण घेतलं, नोंदणी केली, मांजरीला स्वयंपाकघराबाहेर काढलं. प्रत्येक डब्यावर लेबल: नाव, पत्ता, आतले सगळे जिन्नस, आणि खाली ते वाक्य, 'हा माल घरी बनवलेला असून सरकारी तपासणीखाली येत नाही.' शनिवारच्या बाजारात लोक ते मोठ्यानं वाचून हसायचे. "काय गं लिओना, उंदीर-बिंदीर पाळलेस की काय?" हसायचे आणि दोन-दोन डबे न्यायचे. खसखशीचे, जर्दाळूचे. चीजचे मात्र नाहीत. जे फ्रिजबाहेर टिकत नाही ते घरून विकायचं नाही, असा नियम. मागणारे दर शनिवारी मागायचे, ती दर शनिवारी नाही म्हणायची.

ऑगस्टात अ‍ॅडलिन ह्रुश्का आली. चर्चच्या महिला मंडळाची अध्यक्ष, लिओनाची शाळेपासूनची मैत्रीण. "ऑक्टोबरच्या विक्रीला तुझे वीस डझन धरलेत हं."

"या वर्षी नाही जमणार गं, अ‍ॅडी. माझं घर त्या शनिवारांवर उभं आहे."

"हो बाई, आता तू शेठाणी," असं म्हणून अ‍ॅडलिन गोड हसली. तीस वर्षांत लिओनानं तिला पहिल्यांदाच नाही म्हटलं होतं.

सप्टेंबरात अ‍ॅडलिनच्या नातीचं लग्न निघालं. ती पुन्हा दारात. "चीजचे चार डझन दे."

"अगं, नियम..."

"खड्ड्यात गेला नियम! आपल्या चेक लोकांत चीजच्या कोलाच्यांशिवाय लग्न लागलंय कधी? विकू नकोस ना. आहेर समज."

आहेर म्हटल्यावर लिओना विरघळली. पहाटे उठून तिनं चार डझन भाजले आणि स्वतः नेऊन दिले. लग्न लागलं, आणि चर्चच्या पायऱ्यांवर शंभर माणसांसमोर अ‍ॅडलिननं तिच्या कोटाच्या खिशात पैशांचं पाकीट कोंबलं. लिओनानं ते काढून परत करायला हवं होतं. पण चर्चच्या दारात पाकिटाची ओढाताण करणं आमच्याकडे पाप करण्यापेक्षा वाईट. ती ओशाळून हसली आणि पाकीट खिशातच राहिलं.

गुरुवारी गावचं साप्ताहिक आलं. मागच्या पानावर नेहमीची आभाराची चौकट होती. लग्न असो, ऑपरेशन असो, इथं आभार छापूनच मानतात.

'आमच्या नातीच्या लग्नासाठी आपल्या घरच्या स्वयंपाकघरातून चीजचे चार डझन कोलाचे पुरवणाऱ्या लिओना कुचेरा हिचे विशेष आभार. तिच्या कष्टाचं मोल देताना आम्हाला आनंद झाला. तुम्हीही अवश्य मागवा!'

खाली लिओनाचा फोन नंबर. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि बोलायची सोय नाही, कारण आभारच मानले होते की!

दहा दिवसांनी सरकारी बाई आली. तरुण होती, बूट दाराबाहेर काढून आत आली. फाइलीत कात्रण होतं.

"कुणीतरी पोस्टानं पाठवलंय, मिसेस कुचेरा. हे खरं आहे का?"

"आहेर होता."

"पैसे घेतलेत?"

लिओनाला खोटं बोलता येत नव्हतं. या वर्षीची नोंदणी रद्द झाली. "पुढल्या वर्षी पुन्हा अर्ज करा," बाई कळवळून म्हणाली. पुढलं वर्ष थँक्सगिव्हिंगच्या पलीकडे होतं.

बातमी पोचायला आमच्याकडे वेळ लागत नाही. अ‍ॅडलिनचा फोन त्याच आठवड्यात आला. "ऐकलं गं, फार वाईट झालं. पण बघ, आता तुझे शनिवार मोकळे. वीस डझन देशील ना? चीजचेच दे. चर्चच्या विक्रीला तो नियम नाही."

लिओना "देते" म्हणाली. गावाला वाटलं, किती मोठ्या मनाची. मन-बिन काही नाही, नुसता राग होता. त्याच ओट्यावर, त्याच भट्टीत, तेच चीज घालून तिनं वीस डझन भाजले. आणि इथं कायदा मागत नसतानाही प्रत्येक डब्यावर हातानं लिहून लेबल डकवलं: नाव, पत्ता, जिन्नस, ते वाक्य.

अर्ध्या तासात सगळे डबे उडाले. एक तेवढा अ‍ॅडलिननं स्वतःसाठी काढून ठेवला होता.

"लोक तुटून पडले बघ," ती म्हणाली. "पुढल्या वर्षीही तुझे वीस धरते."

"पुढल्या वर्षी मी डॅरलकडे असेन. घराला सोमवारी विक्रीची पाटी लागतेय. तिथं तळघरात भट्टी नाही."

लिओनाला वाटलं, आता तरी हिला काही वाटेल. अ‍ॅडलिननं तिचा हात हातात घेतला.

"मग जायच्या आधी कृती तेवढी लिहून दे गं. मंडळासाठी."

लिओनानं हात सोडवला आणि अ‍ॅडलिनच्या डब्यावरच्या लेबलावर बोट ठेवलं.

"जिन्नस लिहिलेत सगळे, अ‍ॅडी. कायद्याप्रमाणे. पत्ता तेवढा आता खोडून टाक."