बसल्या जागी आठ हजार पावलं

सलूनच्या दारात इतकी गर्दी, की केस कापायला आलेल्यांनाच आत शिरता येईना. सगळ्यांचे डोळे माझ्या थोरल्या भावाच्या उजव्या मनगटावर खिळलेले. दादा सकाळपासून एकाच खुर्चीमागे उभा राहून केस कापत होता आणि मनगटावरचा पावलं मोजणारा पट्टा सांगत होता, आठ हजार पावलं!

"अचल चाल!" कोपऱ्यातल्या खुर्चीतून आवाज घुमला. "डावा हात घेणारा, उजवा देणारा. मी भारलेला पट्टा उजव्या मनगटावर बांधा. शक्ती नाडीतून थेट पायांत उतरते. पाय जागेवर, पावलं चालू!"

हे मनगटमहाराज. नाव मी ठेवलेलं. महिन्यापूर्वी ते दाढी करायला आले आणि खुर्चीतून उठायचंच विसरले. पट्टे कुठल्याही दुकानात मिळतात तेच, फक्त यांनी फुंकर मारली की भाव चढायचा.

मी हसून सोडून दिलं असतं, पण दादाला मधुमेह. तळपाय बधिर व्हायला लागले तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज चाला, पायांकडे लक्ष ठेवा, नाहीतर पाय गमावून बसाल. आणि पट्टा आल्यापासून दादाने चालणंच सोडलं.

"आठ हजार झाली की रे! आणखी किती चालू?" असं म्हणून तो घरी खुशाल पाय पसरायचा. मी समजावलं, भांडलो, अबोला धरला. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. मला खरंच भीती वाटत होती.

चमत्काराला अपवाद एकच, शेजारच्या खुर्चीवरचा कारागीर लांब्या. पट्टा त्याच्याही उजव्या मनगटावर, काम दादाइतकंच, पण आकडा ढिम्म.

"मनात शंका आहे, बाळा," महाराज डोळे मिटून म्हणाले. "शंकेखोराची पावलं उमटत नाहीत."

लांब्याचं तोंड एवढंसं झालं.

तेवढ्यात वहिनी आली. ती शाळेत विज्ञान शिकवते. गिऱ्हाइकाच्या गालावर फेस काढणाऱ्या लांब्याकडे ती थोडा वेळ बघत राहिली.

"लांब्याभाऊ, ब्रश कुठल्या हातात आहे?"

"डाव्या. मी डावखुरा ना, वहिनी."

"मग पट्टाही त्याच हातात बांधा."

बांधला. ब्रश गरगर फिरू लागला, तसा आकडाही पळू लागला. गर्दीने आ वासला.

"बघा, श्रद्धा जागी झाली!" महाराजांनी हात उंचावला.

"घेणाऱ्या हातात?" वहिनीने विचारलं. "बरं, आता तुम्ही बांधा. उजव्यातच. हात मांडीवर ठेवा आणि आणा पाहू शक्ती."

महाराज बसले. कपाळाला आठ्या पडल्या, ओठ पुटपुटले, घाम फुटला. आकडा हलला नाही. अर्ध्या फेसातलं गिऱ्हाईकसुद्धा मान वळवून बघत होतं.

"इथे कुणाची तरी दृष्टी आडवी येतेय."

"दृष्टी कसली? हात हलत नाहीये," म्हणत वहिनीने पट्टा काढून घेतला, टॉवेलला बांधला आणि टॉवेल झटकायला सुरुवात केली. आकडा भराभर चढला.

"घ्या! टॉवेलही निघाला फिरायला!"

सलून हसून लोळलं. वहिनी म्हणाली, "पट्ट्याला पाय दिसत नाहीत. तो हाताचे झोके ओळखतो आणि त्यावरून पावलांचा अंदाज बांधतो. कात्रीचा हात दिवसभर हलतो, म्हणून तिथे आकडा फुगतो. पट्टा कमी कामाच्या हातात बांधला, तर निदान इतका फसत नाही."

"म्हणजे महिनाभर मी..." दादाचा आवाज खाली गेला.

"अहो, हात चालला तुमचा. पाय इथेच होते. दाखवा बघू."

दादाने चप्पल काढली. तळव्याला जखम होती, कडा लाल झालेल्या.

"कधी लागलं हे?"

दादाला ठाऊक नव्हतं. कुणीच हसलं नाही मग. आम्ही तसेच दवाखान्यात गेलो. महाराज कधी सटकले, कुणी पाहिलं नाही.

जखम वेळेत सापडली, पाय वाचला. पट्टा डाव्या हातात बांधा, उजव्या हातात बांधा, नाहीतर बांधूच नका. पण कुणी चमत्कार दाखवला, तर "हे होतं कसं?" एवढं विचाराच. चारचौघांत विचारायला लाज वाटते, मला कळतं. दादालाही शंका आली होती, पण विचारायची लाज वाटली, असं त्याने नंतर कबूल केलं. ती लाज त्याच्या पायावर बेतणार होती.