मुठीखालचं कुंकू

"धर्मेंद्र बापाची मशीन चमकवून विकून राह्यला म्हणे. अन् बुढ्याले तर..."

शेजारची अंजूबाई एवढंच बोलली आणि तिच्या घरात कुकरची शिट्टी झाली. ती पळाली. ऐकणारी गल्लीतली सीता फाटकापाशी तशीच उभी राहिली, आणि मी इकडे पडवीत, गंज सुटावा म्हणून सिरक्याच्या, म्हणजे व्हिनेगरच्या, बादलीत बुडालेली. बुढ्याले तर काय? माझा जीव टांगणीला लागला, कारण ती मशीन म्हणजे मीच. सगळी नाही, पण तिचा एक भाग.

मी कोण ते सांगते. सुताराच्या टेबलावर मधोमध गोल करवत फिरते ना, तिच्या बाजूला एक लांब बिडाची पट्टी बसवलेली असते. फळी तिला टेकवून पुढं ढकलली की सरळ चिरली जाते. ती पट्टी बोलतेय मी. आमच्या बालाघाटात मला गाईड म्हणतात. करवत आवाज करते, म्हणून लोक तिच्याकडे पाहतात. माझ्याकडे कोण पाहतो? पण मी जरा तिरपी झाले तर फळी उलटी उडून माणसाच्या पोटात बसते. धर्मेंद्रच्या बापाला, महागू मिस्त्रीला, एवढ्या वर्षांत एकदाही लागलं नाही. हे मी मोठेपणानं नाही सांगत, खरं आहे ते सांगते.

मी कुठं ओतली गेले ते मला आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा बैहरकडच्या एका ठेकेदाराकडे होते. घनश्यामशेठ त्याचं नाव. तिथं मला दिवसभर सागाचा भुसा आणि माणसांच्या शिव्या. पुढं शेठनं मोठी मशीन आणली आणि मला टेबलासकट काढून टाकलं. तेव्हा महागूचं नवीन लग्न झालेलं. तो मला बैलगाडीत घालून घेऊन आला, आणि दारात त्याची बायको दुर्गाबाई भाकरतुकडा घेऊन उभी! माझ्यावरून ओवाळून टाकला तिनं.

"मशीनले कोनी ओवाळते का वो?" महागू हसला.

"घरात येऊन राह्यली ना? मंग?"

अशी होती ती. दर खंडेनवमीला सगळी हत्यारं धुवायची, पुसायची, रंधा-पटाशी पाटावर मांडायची. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. मला कसायला, म्हणजे टेबलावर घट्ट आवळायला, माझ्या डोक्याशी एक लोखंडी मूठ आहे. पहिल्या वर्षी दुर्गाबाईनं त्या मुठीवर कुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी महागूनं मूठ धरली आणि कुंकू त्याच्या तळहाताला गेलं.

"पुसलं ना तुमी?"

"मंग काय काम नाही करू?"

तिनं जरा विचार केला. मग वाकून, अंगठा कुंकवात बुडवून, तिनं मुठीच्या खालच्या बाजूला, जिथं खोबण आहे आणि हात घासत नाही, तिथं टेकवला. "आता पुसा," म्हणाली. कुंकू घरचं, हळदीचं. दर वर्षी एक अंगठा. त्यावर मशीनचं तेल, भुसा, मग पुढच्या वर्षीचा अंगठा. असं करता करता तिथं काळपट लाल असा जाड थर बसला. वरून दिसायचा नाही. ते त्या दोघांना ठाऊक आणि मला. पोराला कोण सांगतो असल्या गोष्टी?

गेल्या चैत्रात दुर्गाबाई गेली. ताप आला, गोंदियाला नेलं, परत आणलं ते झाकूनच.

त्यानंतर महागूनं मशीन चालू केली नाही. लामत्याहून दरवाज्याचं काम आलं, त्यानं नाही म्हटलं. पण सकाळी चहा झाला की तो शेडमध्ये यायचा, स्टुलावर बसायचा आणि माझी मूठ धरायचा. अंगठा खाली न्यायचा. त्या थरावरून हळूच फिरवायचा. बस. बटण नाही, लाकूड नाही. खंडेनवमी आली तीही तशीच गेली. कुणी हत्यारं धुतली नाहीत. त्या दिवशी तो बराच वेळ बसला होता.

दिवाळीत धर्मेंद्र रायपूरहून आला. पोरगा चांगला आहे, मायेचा आहे. मी त्याच्याबद्दल वाकडं बोलणार नाही. त्यानं दारातून बापाला पाहिलं, मला धरून बसलेला. आणि त्याला वाटलं, बाबाला काम आठवून राह्यलं. मशीनच गंजली आहे, म्हणून बाबा नुसते बसून असतात. ती सुधारून दिली तर बाबा पुन्हा उभे राहतील.

कुणालाही असंच वाटलं असतं हो. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

महागू किरनापूरला साळ्याकडे गेला होता तेव्हा धर्मेंद्रनं काम काढलं. मोबाईलवर पाहून पाहून एकेक पेच खोलला. जाम झालेल्या बोल्टवर रॉकेल सोडलं, रात्रभर मुरू दिलं, सकाळी हातोडीनं हलके ठोके दिले. प्रत्येक तुकडा काढायच्या आधी फोटो. स्प्रिंग, आकडा, कसायची मूठ, सगळं खाटेवर रद्दी पेपरवर ओळीनं मांडलं. माझं अंग असं कुणी उघडून पाहिलं नव्हतं. त्याचा हात मऊ होता, आईसारखा. मग सिरक्याची बादली.

मुठीचा तुकडा त्यानं आत सोडला आणि पाण्याला पिवळी झाक आली. कुंकू म्हणजे शेवटी चुन्यानं लाल केलेली हळदच, आंबट लागलं की पुन्हा पिवळं होतं. धर्मेंद्र वाकून पाहत राहिला.

फाटकातून अंजूबाईनं मान आत घातली. "काहून रे धर्मू, मशीनले हळद लावून राह्यला? लगीन हाय का तिचं?"

"जंग निकल रहा है मावशी."

"पिवळा जंग पहिल्यांदाच पाह्यला बापा!"

तोही हसला. तारेच्या ब्रशनं मुठीची खालची खोबण घासायला त्याला दुपार लागली. बादली मग नालीत ओतली.

काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यानं मला घासून सरळ केलं, मुठीला हिरवा रंग दिला, ग्रीस भरलं. मी आरशासारखी झाले. खोटं का बोलू, क्षणभर मलाही बरं वाटलं.

महागू परत आला. धर्मेंद्रनं त्याला हाताला धरून शेडमध्ये आणलं. "पाहा बाबा. नई जैसी."

महागूनं माझ्यावरून तळहात फिरवला. मूठ धरली. अंगठा खाली गेला. तिथं थांबला. पुन्हा फिरला, जरा मागं, जरा पुढं. मग तो गुडघ्यावर हात ठेवून वाकला आणि खालून पाहू लागला.

"काय पाहून राह्यले बाबा?"

"खालून बी घासलं का?"

"हौ ना! वहीं तो सबसे ज्यादा था. लाल लाल, पूरा चिपका हुआ. हात दुखले माझे."

महागू वाकलेलाच राहिला. त्याचा चेहरा फक्त मला दिसत होता, पोराला पाठ दिसत होती. मग तो उठला. पोराच्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायचा तसा.

"बेस केलं," म्हणाला.

आणि पोरासाठी त्यानं मशीन चालू केली. सागाची एक फळी घेतली, मला टेकवली, चिरली. फळी सरळ निघाली. धर्मेंद्र मोबाईलमध्ये घेत होता आणि हसत होता, "देखा? मक्खन!" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आईनंतर पहिल्यांदा घरात मशीनचा आवाज झाला होता. तो गेला तो खुशीत गेला.

दुसऱ्या दिवशी महागू देवघरातून कुंकवाचा करंडा घेऊन आला. अंगठा बुडवला. माझ्या मुठीखाली टेकवला. वाकून पाहिलं. त्याचा अंगठा रुंद, सुताराचा, नख चिरलेलं. मोठा डाग उमटला, भलत्याच माणसाचा. त्यानं धोतराच्या टोकानं तो पुसून टाकला.

त्याच आठवड्यात किरनापूरचा अश्विन मिस्त्री आला आणि मला टेबलासकट टेम्पोत चढवून घेऊन गेला.

"काका, एवढी मस्त केली, काहून देऊन राह्यले?"

"कमर नाही चालत आता," महागू म्हणाला.

त्याची कंबर ठणठणीत आहे. टेम्पोत चढवताना माझी जड बाजू त्यानंच उचलली होती.

आता मी अश्विनकडे आहे. काम भरपूर आहे, अश्विन सकाळी सुरू करतो तो अंधार पडेतो. फळ्या सरळ निघतात. मूठ धरणारा हात घाईचा आहे, तो खाली जात नाही, आणि जाईल तर तिथं काही नाही. महागू सकाळी आता कुठं बसतो, कशाला हात लावतो, मला माहीत नाही. एवढंच कळलं असतं तर बरं झालं असतं.

तर अंजूबाईची बातमी. मशीन विकली, हे खरं. पण धर्मेंद्रनं नाही विकली, आणि विकायला चमकवलीही नव्हती. 'बुढ्याले तर' च्या पुढं ती काय म्हणणार होती ते राहूनच गेलं. बुढ्याला पोरानं टाकलं असंच काहीतरी असणार, गल्लीत दुसरं काय बोलतात. आता अंजूबाईला वाटत असेल तिचं बरोबर निघालं, आणि धर्मेंद्रला वाटत असेल बाबा थकले.

तुम्ही बालाघाटला गेलात आणि अंजूबाई भेटली, तर तिला तिच्या बातमीसकट राहू द्या. तिला खरं कळलं तर संध्याकाळपर्यंत रायपूरला फोन जाईल. गल्लीला पोरगा वाईट दिसला तरी चालेल. पण त्या दुपारी त्यानं काय घासलं, ते त्याला कळू देऊ नका. मी घरात असते तर बापाचा अंगठा मुठीखाली गेलाच असता, आणि कधीतरी पोरानं विचारलं असतं. त्याच्या बापानं एवढ्यासाठी मला घराबाहेर काढलं आहे.