पिवळ्या गाडीची हिवाळी चाकं

मागची दोन चाकं झक्कास बसली, तेव्हा मी भावजींकडे बघून भुवया उडवल्या.

"बघितलंत? चार बोल्ट, अंतर तेच. उगाच घाबरवत होतात मला!"

भावजी म्हणजे मासानोबु, आमच्या ह्यांचे थोरले भाऊ. ओइकावाच्या गॅरेजात ते केवळ मला नाउमेद करायला आले होते. त्यांनी कॉफीचा घोट घेतला आणि म्हणाले, "पुढची बसू दे, मग नाच."

ओइकावाने पुढचं चाक चढवलं, नट आवळले, हाताने फिरवून बघितलं. चाक हलेना. त्याने जोर लावला, तसा आतून खर्र आवाज आला.

"वहिनी, ब्रेकला अडतंय. तुमच्या गाडीचे पुढचे ब्रेक केवढे दांडगे आहेत बघा. ही चाकं पडली साध्या गाडीची, आत जागाच नाही."

झाली का फजिती! आमच्या गावात सगळ्यांच्या गाड्या लहान आणि एकाच मापाच्या. एखाद्याची गाडी मोडीत गेली की तिची बर्फातली चाकं भाच्याकडे जातात, नाहीतर शेजाऱ्याकडे. विचारायचं ते एवढंच, "भोकं किती?" चाकाच्या मागे काय आहे, हे इथे कुणी बघतच नाही. मीही बघितलं नव्हतं.

आणि ही चाकं ह्यांची होती. मागच्या वर्षी पानं पिवळी पडायला लागली, तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, ह्यांच्या हातात थोडेच महिने आहेत. तरी हे, म्हणजे त्सुतोमु, गॅरेजात जाऊन नवेकोरे टायर घालून आले. मी म्हटलं, "यंदा कशाला?" तर म्हणाले, "मी आजारी आहे म्हणून बर्फ थांबणार आहे का?" जेमतेम चार फेऱ्या मारल्या असतील. जानेवारीत गेले. त्यांची जुनी गाडी मोडीत काढली, पण चाकं मी धुऊन, पुसून शेडमध्ये ठेवली. रोज येताजाता दिसायची.

वसंतात मी ही पिवळी घेतली. दोन दारांची, बुटकी, पायाखाली नुसतं दाबलं तरी गुरगुरणारी. अठ्ठावन्नाव्या वर्षी! गाव हसलं. हसू दे. चाळीस वर्षं दुसऱ्याच्या बाजूला बसून ‘हळू चालवा’ म्हणत आले, आता माझी पाळी.

भावजी जवळ आले. "हे बघ किकुए, सरळ गोष्ट आहे. हे खेळणं विकून टाक. साधी, चारही चाकांनी ओढणारी गाडी घे. तिला ही चाकं बसतील. त्सुतोमुची आठवण राहील आणि तू खड्ड्यात जायची नाहीस."

"आणि ही ठेवली तर?"

"मग ती चाकं शेडमध्ये कुजत ठेव. बर्फ आठवड्याभरात येतोय. पहाटे शाळेच्या स्वयंपाकघरात काय उडत जाणार आहेस?"

त्यांचं चुकत नव्हतं, म्हणून जास्तच झोंबलं. त्या वेळी बस नसते आणि भात शिजवायला मुख्याध्यापक येत नाहीत. ओइकावा म्हणाला, मध्ये चकती घालता येईल, पण मग चाक बाहेर डोकावेल आणि गाडी तपासणीत नापास होईल. मला रडू आलं, ते रागाने. राग ह्यांचाच. माणूस जाताना एवढी सोय करून जातो आणि ती बरोब्बर पुढच्या दोन चाकांना उपयोगी पडत नाही!

मी डोळे पुसले आणि म्हटलं, "ओइकावा, ते चाक काढा, मग मागचीही. सफरचंदाचं रिकामं खोकं आहे का?"

पुठ्ठा ब्रेकला लावून मी त्याचा आकार कापून घेतला. पोटासारखा पुढे आलेला भाग दोनदा मोजला. गाडी विकायची नाही, एवढं तेव्हा पक्कं झालं होतं.

रविवारी तो पुठ्ठा घेऊन योकोते शहरातल्या जुन्या सामानाच्या दुकानांत फिरले. प्रत्येक चाकात पुठ्ठा घालायचा, गोल फिरवायचा, अडला की पुढचं चाक. एका दुकानातला पोऱ्या म्हणाला, "आजी, पतंग करताय की काय?"

"आजी कुणाला म्हणतोस रे? जरा बाहेर जाऊन माझी गाडी बघ."

तो गेला, बघून आला आणि निमूटपणे मागच्या खोलीतून चार काळी, खरवडलेली चाकं बर्फाच्या टायरांसकट ओढत घेऊन आला. दिसायला भिकार! पण पुठ्ठा आत गेला आणि गर्रकन फिरला. वर बोट जाईल एवढी फट उरली. मी त्याला म्हटलं, "आता आजी म्हणालास तरी चालेल."

चाकं चढवायला ओइकावाकडे गेले, तर ही रांग. बर्फाचा इशारा आला होता. रांगेच्या टोकाला युकिनो उभी होती. घरी येणारी नर्स. शेवटच्या महिन्यांत ह्यांना तीच बघायची. तिचे टायर पार गुळगुळीत झाले होते आणि ओइकावा मान हलवत होता. "तुझ्या मापाचे संपले गं पोरी. पुढच्या महिन्यात येतील."

"वरच्या वाडीत दोन म्हातारे आहेत हो," ती म्हणाली. "मी नाही गेले तर त्यांच्याकडे कोण जाणार?"

मी विचारलं, "भोकं किती?"

"चार, काकू."

"इथेच थांब."

घरी येऊन शेडमधून चाकं काढत होते, तर शेजारून भावजी आडवे आले. "अगं, त्सुतोमुची चाकं देतेस? लोकाला?"

"लोक कोण? ते गेले त्या दिवशी तुम्ही नि मी कोपऱ्यात रडत बसलो होतो. तिने त्यांना आंघोळ घातली, दाढी केली, चांगला शर्ट चढवला. धरा त्या बाजूने, जड आहे."

भावजींनी धरलं.

तिच्या गाडीला ती चाकं पहिल्या झटक्यात बसली. युकिनो माझ्यापुढे नमस्काराला वाकली, ती वाकूनच उभी राहिली. मला हायसं वाटलं आणि ती चाकं परत मागावीशीही वाटली. दोन्ही एकदमच.

बर्फ गुरुवारी पडला, पहाटेपर्यंत घोटाभर. फावड्याने अंगण मोकळं करून मी पिवळी बाहेर काढली. काळी चाकं घट्ट धरून चालली होती. रस्त्यावर माझ्या आधी एकच गाडी गेली होती. नव्या टायरांच्या नक्षीचे दोन पट्टे, कडा अजून धारदार. कुणाचे ते ओळखायला मला खाली उतरावं लागलं नाही. त्याच चाकोरीत मी पुलापर्यंत गेले, अगदी हळू.

पुलापाशी ते पट्टे डावीकडे, वरच्या वाडीकडे वळले होते. शाळा उजवीकडे. तिकडे बर्फ सपाट पडला होता, कुणाच्याच चाकांची खूण नव्हती. मी गिअर बदलला आणि उजवीकडे वळले.