तहानलेली गाडी

गॅरेजसमोर गल्ली तुंबली होती. बंद शटरखालून पांढरा धूर सरपटत बाहेर येत होता आणि चांगली शिकलीसवरलेली माणसं त्याला हात जोडून उभी होती. मला हसू आलं.

"आत कोण आहे?" मी विचारलं.

"तुमची भावजय. आणि पोरगी," शेजारीण म्हणाली. माझं हसू पळालं.

धाकटा भाऊ गेला आणि त्याच्या मागं त्याची जुनी गाडी तहानली. भावजय रोज कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, टाकी भरायची, दुसऱ्या दिवशी ती अर्धी रिकामी. खाली जमिनीवर थेंब नाही. मागून मात्र दाट पांढरा धूर, त्याला गोडसर वास. एवढ्यावर एका भोंदूचं फावलं. मी त्याला धूरमहाराज म्हणते. "तहानलेला जीव आहे, बाई. शटर लावून, इंजिन चालू ठेवून बसा. तो भेटेल."

ती बसली आणि तो भेटलाही. डोकं जड झालं, मळमळलं, गुंगी आली, गुंगीत नवऱ्याचा आवाज आला. आज तिनं लेकीलाही बापाच्या भेटीला आत नेलं होतं.

महाराज शटरला पाठ लावून उभे. "हात लावू नका, भेट मोडेल. पाप लागेल."

"लागू दे. बाजूला हो, नाहीतर तुलाच आत कोंडते."

शटर वर गेलं. धुरात शिरून मी गाडी बंद केली आणि भाचीला ओढत बाहेर आणलं. तिची मान लुळी पडली होती. भावजय भिंत धरून कशीबशी आली.

"ताई, का उघडलंत? आत्ताच झोपली होती ती, त्याच्या मांडीवर."

माझा हात उठला होता. तिचा चेहरा पाहिला आणि खाली आला.

दवाखान्यात दोघींना ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, "आणखी थोडा वेळ गेला असता तर पोरगी उठली नसती."

दोघी घरी आल्यावर मी गाडी अंगणात काढायला लावली. गल्ली जमली, महाराजही आले. थंड इंजिनावर मेकॅनिकनं रेडिएटरचं झाकण काढून गाडी सुरू केली. आत बुडबुडे उठू लागले.

"पाहा, श्वास घेतोय," महाराज म्हणाले.

"श्वास कसला, डोंबल. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधली सीलबंद पट्टी, फाटलंय," मी म्हणाले. शाळेत विज्ञान शिकवते, आवाज आपोआप चढतो. "कूलंट इंजिनात झिरपतं आणि वाफ होऊन मागून निघतं. म्हणून टाकी रिकामी, म्हणून गोड वास. इंजिनातला वायू उलटा पाण्यात शिरतो, ते हे बुडबुडे. थंड सकाळी थोडी वाफ सगळ्याच गाड्या सोडतात, इंजिन तापलं की ती थांबते. ही थांबत नाही."

"आणि त्याचा आवाज?" भावजयीनं विचारलं.

"धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो गं. त्याला ना रंग, ना वास. तो रक्तात भिनला की माणसाला गुंगी येते, भास होतात, मग जीव जातो."

"म्हणजे तो आलाच नव्हता," ती म्हणाली, आणि भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा धाय मोकलून रडली. मलाही आवरेना. तेवढ्यात महाराजांनी काढता पाय घेतला, पण पोलिसांनी त्यांना कोपऱ्यावरच गाठलं. तक्रार मी सकाळीच दिली होती.

गेलेल्या माणसासाठी रडा, त्याची गाडी जपून ठेवा, माझी ना नाही. पण ती पांढरा धूर सोडत राहिली तर मेकॅनिककडे न्या. आणि चालू इंजिनाजवळ कोणी दार लावून बसायला सांगितलं, तर आधी दार उघडा आणि आतलं लेकरू बाहेर काढा.